यादीतल्या निम्म्या खुणा पुसा, दुपारी पायी फिरा

वाचकाचं पत्र

मी नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि माझा भाचा हिमाचलातल्या स्पितीला निघालो आहोत. चंडीगडहून गाडी ठरवली आहे, तिथून परत तिथवर दहा दिवस हातात आहेत. फोटोंचा नाद उशिरा लागला, पण मनापासून लागला. मिररलेस कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली 18-55 आणि नंतर घेतलेली लांब पल्ल्याची 55-250 अशा दोन लेन्स आहेत. मोबाइलच्या नकाशावर बत्तीस ठिकाणांच्या खुणा करून ठेवल्या आहेत. अडचण अशी की त्या सगळ्यांचे फोटो मी आधीच पाहिलेत. तेच पुन्हा काढायला एवढ्या लांब जायचं का? नवी जागा शोधायची कशी? दुपारच्या उन्हात तिथे काहीच मिळत नाही म्हणतात, ते खरं का? आकाशगंगा माझ्या साध्या लेन्सनं येईल का? यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांचं म्हणणं, "दर दहा मिनिटांनी गाडी थांबवणार असशील तर मी घरीच बरा."

उत्तर

ताई,

आधी हिशेब मांडू. दहांतले जाण्यायेण्याचे चार दिवस वजा केले की स्पितीत तुमच्या वाट्याला सहा उरतात. सहा दिवसांत बत्तीस ठिकाणं म्हणजे रोज पाचाहून जास्त. त्यातली चार तरी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात उरकावी लागणार, आणि जूनमध्ये त्या प्रदेशात सगळ्यात रुक्ष प्रकाश नेमका त्याच वेळात असतो. तुम्ही जे फोटो पाहिलेत ते काढणारा माणूस योग्य वेळी तिथे उभा होता. तुम्ही त्याच जागी दुपारचं जेवून पोहोचलात तर तुमचा फोटो त्याच्यापेक्षा फिका येणार, आणि दोष मात्र तुम्ही स्वतःला नाहीतर कॅमेऱ्याला देणार. म्हणून निम्म्याहून जास्त खुणा आजच पुसा. एका गावात दोन रात्री राहा, भर दुपारी पायी फिरून जागा हेरा आणि प्रकाश आला की तिथे परत जा. नवी जागा सापडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

दुपारचं ऊन इतकं वाईट का, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. स्पितीतलं मुख्य गाव काझा साधारण 32 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेरीस माध्यान्हीचा सूर्य तिथे क्षितिजापासून 81 अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. डिसेंबरात तोच सूर्य जेमतेम 34 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर लांब सावल्या मिळतात. उन्हाळ्यात त्या सकाळी आणि संध्याकाळीच. झाडं नसलेल्या प्रदेशात डोंगराला आकार देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे सावली. ती नाहीशी झाली की घड्या, सुळके, नाले सगळं एकाच मातकट रंगात मिसळून जातं. डोळ्यांना ते भव्य वाटतं, फोटोत मात्र सपाट उतरतं.

सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त साडेसातच्या आसपास. ही वेळ मोकळ्या क्षितिजाची आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये दोन-दोन हजार मीटर उंचीचे डोंगर उभे असणार. एखाद्या गावात ऊन सकाळी उशिरा उतरतं आणि दुपार कलताच निघून जातं, तर त्याच वेळी समोरच्या पठारावरचं गाव अजून उजळलेलं असतं. ही गोष्ट कुठल्याच यादीत लिहिलेली नसते. तिथे एक संध्याकाळ बसलं की मात्र ती कळते, म्हणूनच दुसऱ्या रात्रीचा माझा आग्रह.

घरी बसून करण्यासारखी तयारी पुष्कळ आहे. खुणा जमवण्यात घालवता तो वेळ त्यात घाला. संगणकावर गूगल अर्थ उघडा आणि उपग्रहाचं चित्र पाहा. स्पिती नदी साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो. त्यामुळे मुख्य खोऱ्यात संध्याकाळचा प्रकाश बराचसा खोऱ्याच्या लांबीने, वरच्या अंगानं तिरपा येतो आणि नदीच्या दोन्ही काठांवरच्या घड्या उठून दिसतात. बाजूच्या घळींत तसं होत नाही, तिथे अंधार लवकर पडतो. गूगल अर्थमध्ये सूर्यप्रकाशाची पट्टी सरकवून सावल्या कुठून कुठे जातात तेही पाहता येतं. फोटोपिल्ससारखं अ‍ॅप घेतलंत तर जागेवर उभं राहून सूर्य नेमका कुठल्या खिंडीमागे जाणार ते कळेल. तिथे नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्या.

त्याच चित्रात आता हिरवे तुकडे शोधा. स्पितीत पाऊस नावापुरता पडतो. शेती होते ती बर्फ वितळून आलेलं पाणी कालव्यांनी वळवून. या कालव्यांना तिथे कूल म्हणतात. कूल डोंगराच्या कडेकडेनं जातो. त्याच्या खालच्या अंगाला जव आणि वाटाण्याची हिरवीगार शेतं, वरच्या अंगाला बोडका डोंगर, आणि मधली सीमारेषा सुरीनं कापल्यासारखी. जूनअखेरीस शेतं कोवळी, पोपटी असतात. तुमच्या बत्तीस खुणांत अशी एकही सीमारेषा नसेल, कारण तिला नाव नसतं. पण वाळवंटात माणूस राहतो कसा, हे त्या एका चौकटीत दिसतं. मला विचाराल तर स्पितीतला सगळ्यात बोलका विषय हाच आहे, मठांहूनही. कालव्याच्या काठानं चाला, शेतात पाय टाकू नका. एवढ्याशा जमिनीवर त्या घराचं वर्ष चालतं.

आता मार्ग. शिमला-किन्नौरच्या बाजूनंच चढा, यात तडजोड नको. मनालीहून गेलं तर दोन हजार मीटरवरून निघून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरवरचा कुंझुमचा घाट ओलांडावा लागतो. धडधाकट भाच्याचंही डोकं त्या रात्री ठणकेल, मग रक्तदाब असलेल्या माणसाचं काय सांगावं. किन्नौरकडून चढण सावकाश आहे: नारकंडा 2,700 मीटरच्या आसपास, कल्पा 2,950च्या आसपास, ताबो 3,300च्या आत, मग ढंखर 3,900 आणि लांग्झा 4,400. निघण्याआधी दोघंही डॉक्टरांना भेटा. विरळ हवेसाठी गोळी घ्यायची की नाही आणि रक्तदाबाच्या गोळीशी तिचं जमतं का, हे त्यांनीच ठरवायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, अशा अवस्थेत आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. फोटो काढणाऱ्याला हा धोका जास्त असतो. ढग फाटून ऊन पडलं की माणूस कॅमेरा घेऊन चढावर धावत सुटतो, आणि चार हजार मीटरवर तेवढं धावणंही महागात पडतं. जागा दुपारीच हेरून ठेवलेली असली की धावायची वेळच येत नाही.

मुक्काम मी असे लावीन: नारकंडा एक रात्र, कल्पा एक, ताबो एक, ढंखर दोन, लांग्झा दोन, किब्बर एक. नवव्या दिवशी पहाटेचे फोटो झाले की लगेच निघून कुंझुममार्गे मनाली, दहाव्याला चंडीगड. लांग्झात कुणाला झोप लागली नाही, श्वास जड वाटला, तर सरळ काझ्याला उतरून तिथे राहा. रस्ता तासाभराच्या आतला आहे, काझ्यात सरकारी दवाखाना आहे, आणि दुपारी परत वर येता येतं.

ताबोचा मठ इसवी सन 996 मधला. आतली भित्तिचित्रं डोळे भरून पाहा, पण कॅमेरा बाहेरच ठेवा. आत फोटोला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वाईट वाटून घेऊ नका, फोटोचा खजिना बाहेर आहे. आवारातल्या इमारती मातीच्या, बाहेरून अगदी साध्या, त्यांच्यामध्ये मातीचेच स्तूप. संध्याकाळचं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा जवळ जाऊन पाहा. लिंपणात मिसळलेली काडी न काडी चमकते, पावसाच्या ओघळांनी पडलेल्या उभ्या रेघांत सावली भरते, गिलाव्याच्या पोपड्यांच्या कडा उजळतात. 55-250 लावा, आकाश अजिबात घेऊ नका, नुसती भिंत घ्या. हजार वर्षं उभी असलेली माती अशीच दिसते. मठाची सगळी इमारत एका चौकटीत बसवायला गेलात तर हातात एक पिवळसर ठोकळा येईल.

ढंखर ही जुन्या काळी स्पितीची राजधानी. माती आणि गोट्यांच्या झिजलेल्या सुळक्यांवर मठ टेकलेला आहे आणि खाली पिन नदी स्पितीला मिळते. त्या संगमासकटचा फोटो तुम्ही पाहिलेला असणार. तो काढाच, त्यात कमीपणा काही नाही. ठरावीक जागा ठरावीक होते ती उगाच नव्हे. मात्र तो एक काढून झाला की लेन्स बदला आणि त्या जागेपासून शंभर पावलं तरी दूर जा. सुळक्यांचे शेंडे, त्यांच्यामधल्या सावल्या, खालच्या नदीपात्रात पसरलेल्या पाण्याच्या वेण्या, एवढ्यावर एक अख्खी संध्याकाळ जाईल. अफाट प्रदेशात वाइड लेन्स लावायचा मोह होतो. मग सगळंच येतं आणि सगळंच बारीक होतं. लांब लेन्सनं डोंगरांच्या रांगा एकमेकींना चिकटतात, आणि पायथ्याशी एखादं पांढरं घर आलं की डोंगर केवढा आहे ते पाहणाऱ्याला आपोआप उमगतं. तुमची 55-250 इथे 18-55पेक्षा जास्त राबेल, असा माझा अंदाज आहे. गावावरच्या तळ्यापर्यंत चढून जाणार असाल तर सावकाश जा आणि वाटेत वारंवार मागे वळून पाहा. मला स्वतःला तळ्यापेक्षा ती वाट जास्त आवडते.

दुपारी हेरायचं कसं, ते आता सांगतो. कॅमेरा खोलीवर ठेवा, टोपी, पाणी आणि मोबाइल घ्या. मोबाइलमध्ये होकायंत्र असतंच. जागा बरी वाटली की मोबाइलनं एक फोटो घ्या आणि त्यासोबत दिशा लिहा: इथून वायव्येला पाहिलं तर हे, पूर्वेला पाहिलं तर ते. उन्हाची तिरीप संध्याकाळी कुठून येईल ते अ‍ॅपमध्ये पाहा. मग पायाशी काय आहे ते बघा: दगड, कूल, मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत, गच्चीवर रचलेल्या काटक्या. मागच्या डोंगराइतकाच हा समोरचा भाग महत्त्वाचा, आणि बहुतेकांचे फोटो तिथेच रिकामे राहतात. शेवटी, अंधार पडल्यावर इथून परत कसं जायचं, हे पाहून ठेवा. वाट भुसभुशीत असेल, कड्याच्या काठानं असेल, तर जागा कितीही देखणी असो, सोडून द्या. अशा दोन तासांत गावाभोवती तीन-चार जागा हाती लागतात, आणि त्यांतल्या दोन तरी कुणीच काढलेल्या नसतात. गाडी रस्त्यावरच राहू द्या. माळावर चाक घातलं की त्या कोरड्या मातीवर उमटलेला चाकोरा वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि पुढच्या प्रत्येकाच्या फोटोत येतो.

तुमच्या यजमानांची तक्रारही यातूनच सुटते. दुपारी ते होमस्टेत आडवे होतील, गाडी उभी राहील, तुम्ही आणि भाचा फिराल. संध्याकाळी जिथे जायचं ते ठरलेलं असेल. वाटेत दर वळणावर थांबायची गरज उरणार नाही, कारण चालत्या गाडीतून सापडलेली जागा बहुतेक वेळा चुकीच्या वेळेचीच असते.

दुपारी काहीच मिळत नाही, हे अर्धसत्य आहे. डोक्यावरचं ऊन जमीन सपाट करतं, पण उभ्या कड्याला तेच ऊन वरून घासत जातं आणि कड्याचा प्रत्येक थर, प्रत्येक खाच दिसू लागते. किब्बरजवळचा चिचम पूल पाहा. 2017 मध्ये तो सुरू झाला. त्याआधी लोक दोरावरच्या पाळण्यात बसून ती घळ ओलांडत. घळ इतकी खोल आणि अरुंद आहे की सकाळ-संध्याकाळ तिच्यात नुसता काळोख असतो. तळापर्यंत ऊन पोहोचतं ते दुपारीच. म्हणजे चिचमची वेळ दुपारची, आणि बाकीच्या यादीशी तिचं भांडण नाही. दुसरी दुपारची गोष्ट म्हणजे ढगांच्या सावल्या. दुपारनंतर पांढरे ढग जमू लागतात आणि त्यांच्या सावल्या बोडक्या डोंगरांवरून सरकत जातात. लांब लेन्स लावून एखाद्या गावावर नेम धरून बसा. भोवताली सगळं सावलीत आणि गाव तेवढं उन्हात, असा क्षण अर्ध्या-पाऊण तासात हमखास येतो. त्यासाठी लागते ती चिकाटी, आणि शिक्षकाकडे ती असतेच. तिसरं म्हणजे घरांचं आतलं अंग. जाड मातीच्या भिंतींतल्या लहान खिडकीतून येणारा उजेड दुपारी छान मऊ असतो. चहाचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, आणि फोटोची परवानगी चहा पिऊन झाल्यावर विचारा.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दल थोडं. पांढरी चुन्याची भिंत किंवा उजळ रेताड जमीन चौकटीत जास्त असली की कॅमेरा तिला राखाडी करू पाहतो, म्हणून उजेड अर्धा स्टॉप वाढवा. बर्फाची शिखरं असतील तर उलट सावध राहा, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आदळू देऊ नका. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, जपून वापरा. त्या उंचीवर आकाश मुळातच गडद निळं असतं. पोलरायझरनं ते काळपट होतं, आणि 18 मिलिमीटरवर तर एका कोपऱ्यात काळं, दुसऱ्यात फिकं असं डागाळतं. धूळ सगळीकडे जाते, तेव्हा लेन्स गाडीत किंवा खोलीत बदला, वाऱ्यात नको. वारा दुपारी सुटतो आणि खोऱ्यातून वर धावतो. म्हणून हवा सगळ्यात स्वच्छ आणि पाणी सगळ्यात स्थिर मिळतं ते सकाळी.

लांग्झा माझं लाडकं गाव, हे लपवत नाही. वर चौ चौ कांग निल्डा शिखर, 6,300 मीटरच्या घरातलं. गावाच्या माथ्यावर बुद्धाची मोठी मूर्ती, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. मूर्तीभोवती गर्दी होईल. तुम्ही गावाच्या गल्ल्यांत उतरा. पांढरी घरं, खिडक्यांभोवती काळे पट्टे, गच्चीच्या कडेनं नीट रचलेल्या काटक्यांचे भारे, आणि त्या भाऱ्यांवर पहिलं ऊन. तिथल्या मातीत जीवाश्म सापडतात. हिमालय उठण्याआधी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्यातले हे शिंपले. आपल्या देवघरातला शाळीग्रामही त्याच जातीच्या प्राण्याचा जीवाश्म. दगडात तो दिसला तर जमिनीलगत बसून, तिरप्या प्रकाशात, आहे तिथे त्याचा फोटो घ्या. उचलू नका आणि कुणी विकायला आणला तर घेऊ नका. मागणी वाढली की डोंगर खणले जातात. कोमिक आणि हिक्किम ही गावं इथून जवळ आहेत. हिक्किमच्या टपाल कचेरीतून नातवंडांना पत्र जरूर टाका, पण प्रकाशाची वेळ तिथल्या रांगेत घालवू नका. दुपारीच जाऊन या.

आकाशगंगा येईल, आणि तुमच्याच लेन्सनं येईल. तिचा तेजस्वी गाभा स्पितीहून दक्षिणेला, जास्तीत जास्त 29 अंश वर येतो, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम एक तृतीयांश. दक्षिणेला उंच डोंगर असलेल्या गावात तो दिसणारच नाही. म्हणून खोऱ्याच्या तळातल्या गावापेक्षा लांग्झासारखं वरच्या उघड्या पठारावरचं गाव बरं. जूनअखेरीस गाभा सगळ्यात वर असतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या कधी आहे ते पाहून लांग्झाच्या रात्री तिच्या आसपास बसवता आल्या तर उत्तमच. माझ्या मते शुद्ध चतुर्थी-पंचमीचा चंद्र त्याहून सोयीचा. संध्याकाळी तो घरांवर, शेतांवर मंद उजेड टाकतो, अकराच्या आसपास मावळतो, आणि मग आकाश तुमचं. लेन्स 18 मिलिमीटरवर, छिद्र पूर्ण उघडं, पंधरा सेकंद, आयएसओ 3200पासून सुरुवात करून गरजेप्रमाणे 6400. फोकस हातानं: स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीक टिंबाएवढा होईपर्यंत कडी फिरवा, मग तिला हात लावू नका. ट्रायपॉड हवाच, आणि बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. जास्तीच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर मान टाकतात. गावात वीज जाते, तेव्हा दिसली की चार्जिंग लावा. आणि कुणाच्या घरावर टॉर्च मारून फोटो उजळू नका, आत माणसं झोपलेली असतात.

तुम्ही विचारलं नाही, तरी माणसांबद्दल सांगतो. भेटलं की "जुले" म्हणा, थांबा, बोला. शेतात वाकून काम करणाऱ्या बायकांना दुरून लांब लेन्सनं टिपणं सोपं आहे, म्हणूनच ते करू नका. जवळ जा, विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर काढलेला फोटो दाखवा. प्रत पाठवीन असं म्हटलंत तर पत्ता लिहून घ्या आणि खरंच पाठवा. पाहुण्यांकडून असा शब्द त्यांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. सीमा जवळ आहे, त्यामुळे किन्नौर-स्पितीच्या हद्दीवरच्या सुमदो नाक्याजवळ, लष्करी तळांवर आणि तिथल्या पुलांवर कॅमेरा बॅगेत. भाचा ड्रोन आणणार असेल तर आधी सरकारच्या ड्रोन-नकाशात त्या भागाला परवानगी आहे का ते तपासा. मठांवर आणि वस्तीवर परवानगी असली तरी उडवू नका.

यादीतून काय पुसायचं? पिन खोरं या खेपेला सोडा. ते सुंदर आहे, पण त्याला स्वतःच्या दोन रात्री हव्यात. की गोम्पा हा मठ ठेवा, किब्बरच्या मुक्कामात तो येतोच. किब्बरच्या रस्त्यानं वर चढलात की गोम्पा खाली आणि त्याच्यामागे नदीचं रुंद पात्र दिसतं. ती जागा आदल्या दिवशी हेरून ठेवा, पहाटे जा. वाटेत दिसले म्हणून खुणावलेले धबधबे, कमानी, "सेल्फी पॉइंट" एकूण एक पुसा.

राहिला चंद्रताल. तुमच्या यादीत त्याच्यावर तारा काढलेला असणार, आणि मी वर आखलेल्या मुक्कामांत तो नाही. तळ्याकाठी तंबू लावू देत नाहीत, राहायची सोय काही अंतरावर आहे. पाणी आरशासारखं असतं ते पहाटे, वारा सुटण्याआधी. म्हणजे तिथे रात्र काढून, अंधारात उठून, शेवटचा टप्पा पायी जायला हवं, तेही 4,250 मीटरच्या वर. वाटेत दुपारी दोन तास डोकावून निळं पाणी आणि कडक ऊन मिळेल, बाकी काही नाही, त्यापेक्षा किब्बरची सकाळ मोलाची. दहाचे अकरा दिवस करता आले तर मात्र तो अकरावा दिवस चंद्रतालला द्या. किब्बरहून सकाळी लवकर निघा, कारण बर्फ वितळून नाल्यांचं पाणी दुपारनंतर चढतं आणि कुंझुमपलीकडच्या बातलच्या अंगाचा रस्ता मुळातच खडकाळ आहे. तळ्यावर पहाट घालवून मग मनालीकडे उतरा. कुंझुम बहुधा जूनमध्ये खुला होतो, पण बर्फाच्या मनात काय असेल ते सांगता येत नाही. काझ्यात पोहोचल्यावर टॅक्सीवाल्यांकडे चौकशी करा. बंद असला तर आल्या वाटेनं किन्नौरमधून परत फिरावं लागेल आणि त्याला दीड-दोन दिवस जास्त लागतील, तेव्हा परतीचं तिकीट तेवढी सवड ठेवूनच काढा.